बोच

माइंडफुलनेसच्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा मला फायदा झाला, हे आधी लिहून टाकते. पुढे माझ्या ज्या चुका सांगणार आहे, त्या वाचून ध्यानावरूनच कुणाचा विश्वास उडावा असं मला वाटत नाही. चुका माझ्या होत्या, आणि फायदा खरा होता.

मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. तेव्हा तासगाव तालुक्यातल्या एका शाखेची मॅनेजर होते. द्राक्षाचा पट्टा. त्यामुळे पीककर्जाची गर्दी, बेदाण्याच्या हंगामात व्यापाऱ्यांची गर्दी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची गर्दी. माणसं मात्र मंजूर संख्येपेक्षा कमी. दिवसभर काउंटर सांभाळायचं आणि संध्याकाळी रिजनल ऑफिसच्या व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला बसायचं. ठेवी किती वाढल्या, विम्याच्या पॉलिसी किती झाल्या, थकीत खात्यांची वसुली किती, हे सगळ्या शाखांसमोर सांगायचं. घरी आल्यावर जेवण व्हायचं, झोपही लागायची. पण रात्री अडीच-तीनच्या सुमाराला जाग यायची आणि तीच व्हीसी डोक्यात पुन्हा सुरू व्हायची. मी अंथरुणात पडून मनातल्या मनात उत्तरं देत राहायचे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गोळी तिचं काम करेल. तुम्ही ह्या ताणाचं काहीतरी बघा."

सांगलीत एक मानसतज्ज्ञ बाई रविवारी सकाळी माइंडफुलनेसचा हा वर्ग घ्यायच्या. अमेरिकेत वूस्टरच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जो कार्यक्रम सुरू केला, त्याच धर्तीवरचा. तिथे आधी आलेले पेशंट जुनाट दुखण्याचे होते. औषधं करून थकलेले, आणि डॉक्टरांकडेही त्यांना द्यायला फारसं काही उरलेलं नव्हतं. आठवड्यातून एकदा अडीच तास एकत्र बसायचं, रोज घरी पाऊण तास सराव करायचा आणि दुखण्याशी वेगळ्या तऱ्हेने वागायला शिकायचं, असा तो बेत. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस राहून आलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आधी श्वास, मग अंगाच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणं. मुळं बौद्ध परंपरेतलीच आहेत. दवाखान्यात आणताना धर्माचा भाग बाजूला ठेवला गेला, आणि ते योग्यच होतं. नाहीतर किती पेशंट दारातूनच परत गेले असते. पण त्या बाजूला ठेवलेल्या भागात काय काय होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या वर्गात बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. हा धडा जगभर सगळीकडे असाच देतात. मला मात्र तो आमच्यासाठीच मुद्दाम काढल्यासारखा वाटला. तासगावचा बेदाणा म्हणजे माझं रोजचं काम. शेडसाठी कर्ज, शीतगृहातल्या मालाच्या पावतीवर उचल, सौद्याचे पैसे, हे सगळं माझ्या सहीने होत होतं. बाई म्हणाल्या, हा पदार्थ आयुष्यात प्रथमच बघताय असं समजून बघा. उजेडासमोर धरला तर हिरवट-पिवळा, आतून उजळणारा. एका टोकाला देठाची बारीक खूण. सुरकुत्या एका दिशेच्या नाहीत, मध्येच वळून एकमेकींत शिरलेल्या. कानाशी नेऊन बोटांत दाबला की चिकट असा हलका आवाज. जिभेवर ठेवला, चावायचा नाही, असं सांगितलं तेव्हा तोंडाला सुटलेलं पाणी मला जाणवलं. मग चावला. आधी साल, मग गोडी, आणि गोडीच्या मागून किंचित आंबट. इतकी वर्षं ह्याच मालाचे भाव मी तोंडपाठ सांगत होते आणि हा आंबटपणा मला माहीतच नव्हता. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की माझं लक्ष दिवसभर कुठे असतं.

मग घरचा सराव सुरू झाला. आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत लक्ष न्यायचं. जबडा घट्ट आवळलेला आहे, खांदे वर चढलेले आहेत, पोट आत ओढून धरलेलं आहे, हे सगळं मी रोज करत होते आणि मला पत्ता नव्हता. दुसरी गोष्ट समजली ती विचारांची. व्हीसीत साहेब म्हणाले, "तुमची शाखा खाली का?" हे एक वाक्य. त्याने छातीत कढ येतो, कान तापतात. तेवढं अंग करतंच, ते थांबवता येत नाही. पण पुढचे चार तास ते वाक्य घोळवत बसणं, त्याला स्वतःची बाजू जोडणं, मग आपणच नालायक आहोत इथपर्यंत पोचणं, हे सगळं मी वरून घालत होते. नुसतं बघितलं तर तो कढ थोड्या वेळात उतरतो. हे अनुभवाने कळणं मोठं होतं. व्हीसीनंतर शाखेतल्या लोकांवर माझं ओरडणं कमी झालं, रात्रीची जाग कमी झाली. काही महिन्यांनी रक्तदाबाचे आकडेही सुधारले; त्यात गोळीचा वाटा किती आणि ध्यानाचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

विचारांकडे नुसतं बघण्याच्या ह्याच गोष्टीवर नैराश्याच्या उपचारात मोठं काम झालं आहे. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी कबात-झिन यांच्या कार्यक्रमात मानसोपचाराचा भाग घालून नवी पद्धत बसवली. २००० साली तिचा पहिला मोठा अभ्यास आला. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेले होते, त्यांच्यात नेहमीच्या उपचारावर ६६ टक्के लोकांना पुन्हा झटका आला. ही पद्धत शिकलेल्यांत ३७ टक्क्यांना. दोनच झटके येऊन गेलेल्यांना मात्र उपयोग दिसला नाही. अलीकडे, २०२२ साली, चिंताविकाराच्या २७६ रुग्णांमध्ये आठ आठवड्यांचं प्रशिक्षण आणि एसिटॅलोप्रॅम हे नेहमी दिलं जाणारं औषध यांची तुलना झाली, आणि प्रशिक्षण औषधापेक्षा कमी पडलं नाही. दुसरीकडे २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडी सुधारणा होते याचा मध्यम ताकदीचा पुरावा दिसला, पण व्यायाम किंवा औषधापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. आमच्या बाई हे दोन्ही सांगायच्या. मी मात्र पहिलं तेवढं ऐकलं.

झोपेबाबतची चूक मी लवकर सुधारली, म्हणून थोडक्यात सांगते. रात्री जाग आली की मी अंगावरून लक्ष फिरवायला सुरुवात करायचे, आणि गुडघ्यापर्यंत येऊनही झोप लागली नाही की चिडायचे. झोपेसाठी म्हणून केलं की ते झोपेची वाट बघणं होतं. बाईंनी सांगितल्यावर हा सराव सकाळी हलवला.

खरी चूक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली.

शाखेत कॅश बघणाऱ्या एकच बाई होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कामाला चोख. त्यांच्या सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं आणि त्यांना दोन दिवसांची रजा हवी होती. मी म्हणाले, "मॅडम, इयर एंडिंगला कसं शक्य आहे? तुम्हीच नसाल तर कॅश कोण बघणार?" त्यांनी थोडा वेळ अर्ज हातात तसाच धरला, मग म्हणाल्या, "बरं मॅडम," आणि अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी त्या काउंटरवर होत्या. सकाळपासून रांग दारापर्यंत. कर्जाचं नवं-जुनं करायला आलेले शेतकरी, सोसायटीचे सेक्रेटरी, व्यापाऱ्यांची माणसं. "आवं मॅडम, सकाळधरनं उभा हाय, तेवढं बघा की," असं कुणीतरी सारखं म्हणत होतं. त्यांचा फोन ड्रॉवरमध्ये होता आणि त्याची घरघर माझ्या केबिनपर्यंत ऐकू येत होती. त्या ओल्या स्पंजला बोट लावून नोटा मोजत होत्या आणि दर थोड्या वेळाने ड्रॉवर अर्धा उघडून बंद करत होत्या. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही. दहा हजार शॉर्ट. पाचशेच्या वीस नोटा कुणाला तरी जास्त गेल्या होत्या. सगळी पाकिटं पुन्हा मशीनमधून काढली, पेमेंटची व्हाउचरं एकेक करून पाहिली. त्यांचा हात थरथरत होता. तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आधी डोळे मिटा. तीन खोल श्वास घ्या. मग परत बघू."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग स्वतःच्या खात्याची विड्रॉवल स्लिप काढली, दहा हजाराचा आकडा घातला, अक्षरी रक्कम लिहिली, सही केली आणि कॅश मिळवून टाकली. कॅश कमी आली की ती कॅशियरने भरायची, हा रिवाज आहे. त्यावर मीही काही बोलले नाही.

त्या रात्री मला बोचलं. ही बोच कशाची आहे, हे मला स्वच्छ कळत होतं. पण मी आता शिकलेली होते. चटई टाकून बसले आणि त्या बोचणीकडे बघायला लागले. छातीच्या मधोमध जडपणा, घशाशी आवळल्यासारखं. 'मी चुकले' हा विचार आला. आला, असं नोंदलं. गेला. परत आला, परत नोंदला. अर्ध्या तासात जडपणा विरघळला, श्वास सावकाश झाला आणि मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना काहीच बोलले नाही. बोलावंसं वाटलंच नाही, कारण बोचत काही नव्हतं. इतकंच नाही, रविवारी वर्गात मी हा अनुभव सांगितला. अस्वस्थतेसोबत कसं बसता येतं याचं उदाहरण म्हणून सांगितला, आणि त्यातली रजेची गोष्ट गाळली.

असं पुढे बरेचदा झालं. कुणाला तोडून बोलले, एखाद्या म्हाताऱ्याला कागद अपुरा म्हणून परत पाठवलं, कुणाचं काम माझ्या टेबलावर पडून राहिलं. संध्याकाळी टोचणी यायची, मी बसायचे, टोचणी जायची. ताण म्हणून जे जे अंगात जाणवत होतं, त्या सगळ्याला मी एकच इलाज लावला. साहेबांच्या बोलण्याचा कढ आणि कुणाचं तरी नुकसान केल्याची बोच शरीरात जवळजवळ सारख्याच ठिकाणी जाणवतात. पण पहिल्याच्या पोटी मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि दुसरीच्या पोटी होतं. ती बोच मला कॅशियरबाईंच्या काउंटरपर्यंत न्यायला आलेली होती. मी तिला वाटेतच शांत केलं.

माझ्या एकटीचंच असं झालं असेल, असं मला वाटायचं. पण वॉशिंग्टन विद्यापीठातले अँड्र्यू हाफनब्रॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच विषयावर आहे. आठ प्रयोग, चौदाशेहून जास्त माणसं. आपल्या हातून कुणावर अन्याय झाला तो प्रसंग आठवायला सांगून मग काहींना श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान दिलं. त्यांची अपराधी भावना कमी झाली, आणि तिच्याबरोबर झालेलं नुकसान भरून काढण्याची इच्छाही कमी झाली. ज्यांना मैत्रीभावनेचं ध्यान दिलं, म्हणजे समोरच्या माणसाला मनात आणून त्याचं भलं चिंतायला सांगितलं, त्यांच्यात भरपाईची ओढ श्वासाच्या ध्यानापेक्षा जास्त राहिली. हे वाचताना मला इगतपुरीची रीत आठवली. तिथे शिबिराची सुरुवात पंचशीलाने होते आणि दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवतात. श्वास त्या दोन्हींच्या मध्ये आहे. मी फक्त मधला भाग घेतला. आमच्या वर्गातही एका दिवसभराच्या सत्रात मैत्रीभावनेचा सराव झाला होता. मला तो भाबडा वाटला होता आणि घरी मी तो कधी केला नाही.

त्यानंतरची चूक माझ्यापुरती राहिली नाही. मला फायदा झाला तो सगळ्यांना व्हावा, असं मला मनापासून वाटत होतं. सकाळी काउंटर उघडण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसायचं, असं मी ठरवलं. हॉलमधल्या खुर्च्या गोलाकार लावायच्या, मी सूचना द्यायच्या. फोटो काढून रिजनल ऑफिसला पाठवला, तिथून शाबासकी आली. सक्ती नाही, असं मी म्हणत होते. पण मॅनेजर समोर बसलेली असताना कोण नाही म्हणणार?

त्याच दिवसांत दुसऱ्या कॅशियरची मागणी करणारं पत्र माझ्या ड्राफ्टमध्ये पडून होतं. रोजच्या व्हाउचरांचे आकडे काढायचे, तुलनेला शेजारच्या शाखेची माहिती घ्यायची, साहेबांना नको ते ऐकवायचं, एवढं सगळं त्यात होतं. खुर्च्या गोल लावणं सोपं होतं. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर नोकरदारांच्या माहितीवरून एक लेख लिहिला. माइंडफुलनेस, ताणव्यवस्थापन, तशी ॲप असे कर्मचाऱ्याला एकट्याला दिलेले उपाय घेणारे आणि न घेणारे, यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक दिसला नाही. ही त्या क्षणाची पाहणी आहे, आठ आठवडे मन लावून शिकलेल्यांची चाचणी नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी माझ्या शाखेपुरतं मला त्यात सगळं दिसलं. रांग तेवढीच, काउंटर तेवढेच, आणि त्या माणसांच्या सकाळची दहा मिनिटं मी आणखी घेतलेली.

त्या गोलात एक नवा क्लार्क होता. पंचविशीचा, मराठवाड्यातून आलेला, खोली घेऊन एकटा राहणारा. २०२१ च्या कोविडच्या लाटेत त्याचे वडील गेले होते, आणि शेवटचे दिवस तोच त्यांच्याजवळ होता. एकदा बसणं संपल्यावर तो केबिनमध्ये आला. म्हणाला, "मॅडम, डोळे मिटले की छातीत धडधड होते. श्वासाकडे लक्ष द्या म्हणता तेव्हा पप्पांचा श्वास ऐकू येतो." मी त्याला म्हणाले, "त्याच्याकडे नुसतं बघ. जातं ते. सोडू नकोस." हे वाक्य मी किती सहज बोलले! माझ्याकडे आठ आठवड्यांच्या वर्गाखेरीज दुसरं कसलंही शिक्षण नव्हतं. कुणाला काय सोसेल, हे ओळखण्याचं तर मुळीच नव्हतं. तो उशिरा यायला लागला, म्हणजे बरोबर ते बसणं संपल्यावर. मी त्याला उशिराबद्दल समज दिली.

एका सकाळी तो आला आणि बसला. मध्येच उठून बाहेर गेला. मागच्या बाजूला जनरेटरच्या खोलीजवळ तो भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता, घामाने भिजलेला, आणि त्याला नीट श्वास घेता येत नव्हता. आमच्या शिपायाने त्याला पाणी दिलं, त्याच्या शेजारी बसून गावच्या यात्रेचं काहीबाही बोलत राहिला. मी उभी होते. मला काय करावं ते सुचत नव्हतं.

बाईंना फोन केला तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. ज्याच्या मनावर असा घाव आहे त्याला डोळे मिटून श्वासाशी बसवायचं नसतं, त्या म्हणाल्या. डोळे उघडे, पाय जमिनीवर टेकलेले, लक्ष बाहेरच्या आवाजाकडे किंवा हातातल्या वस्तूकडे. आणि त्रास वाढला तर ताबडतोब थांबायचं, तज्ज्ञाकडे पाठवायचं. ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन यांनी अशा आठ आठवड्यांच्या वर्गातल्या ९६ जणांना बारकाईने विचारलं होतं. निम्म्याहून अधिक लोकांना ध्यानामुळे काही ना काही त्रासदायक अनुभव आला होता. बहुतेकांचा तो तात्पुरता, पण ६ ते १४ टक्क्यांचा टिकून राहिलेला. त्यांना शिकवणारे तर अनुभवी होते. इगतपुरीच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, आणि गंभीर आजार असणाऱ्याने येऊ नये असं स्पष्ट सांगतात. हा अर्ज मी पाहिलेला होता. मी माझ्या माणसांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

तो मुलगा मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लागला. सकाळचं बसणं मी त्या दिवसापासून बंद केलं. त्याला दिलेली समज मागे घेतली, आणि त्याची माफी मागितली ती मात्र त्याच दिवशी, संध्याकाळ होऊ न देता.

घरीही काही बिनसलं होतं. मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं आणि ती माझ्यासमोर रडत सगळं सांगत होती. मी मुळीच न चिडता, मध्ये न बोलता ऐकत होते. हे मला जमायला लागलं आहे, याचं मला समाधानही होतं. ती मध्येच थांबली. म्हणाली, "आई, तू आधी ओरडायचीस ना, तेव्हा निदान तुला काहीतरी वाटतंय हे तरी कळायचं." मी तिच्या रडण्याने माझ्या पोटात काय होतंय तिकडे बघत होते. तिच्याकडे बघत नव्हते. तेव्हापासून तिच्याशी बोलताना मी श्वासाचं काहीही करत नाही. राग आला तर येऊ देते, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ देते.

कॅशियरबाईंशी बोलायला मला त्यानंतरही काही आठवडे लागले. जेवणाच्या सुट्टीत त्या रेकॉर्ड रूममध्ये डबा खात होत्या. मी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये तुम्हाला रजा द्यायला हवी होती. शेजारच्या शाखेतून माणूस मागवता आला असता. मी फोनसुद्धा केला नाही. माझं चुकलं." त्या म्हणाव्यात 'जाऊ द्या हो', असं माझ्या मनात होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाल्या, "सासरे बरे आहेत आता. पण आत नेताना त्यांनी मला विचारलं होतं म्हणे. ह्यांनी एकट्यांनी सगळ्या सह्या केल्या. घरात काही वाजलं की ते अजून निघतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही श्वास घ्या म्हणालात, तेव्हा मला फार राग आला होता." मी म्हणाले, येणारच. त्यांनी मला डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली आणि आम्ही दुसऱ्या कॅशियरच्या पत्रात काय काय लिहायचं ते बोलत बसलो. रोजच्या व्यवहारांचे आकडे त्यांनीच काढून दिले. पत्र गेलं, स्मरणपत्रं गेली, व्हीसीत मी तो विषय काढला आणि बोलणी खाल्ली. त्या वेळी आलेला कढ मी बसून उतरवला. ते तंत्र तिथे फार कामाला आलं. महिनाअखेरीला दुसऱ्या शाखेतून माणूस यायला लागला. कायमचा कॅशियर आला तो माझी बदली झाल्यावर.

मी अजून रोज सकाळी बसते. सराव सोडावा असं मला कधी वाटलं नाही. पण बसण्याआधी एक कागद घेते. आदल्या दिवशीचं काही बोचत असेल तर आधी त्या माणसाचं नाव लिहायचं, आणि त्याच्यासाठी आज काय करायचं ते पुढे लिहायचं. मग श्वास, आणि शेवटी त्या नावाच्या माणसासाठी मैत्रीभावना, जी मला तेव्हा भाबडी वाटली होती. आजच्या कागदावर एक पेन्शनर आजोबा आहेत. हयातीच्या दाखल्यासाठी काल त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना, म्हणून मी त्यांना परत पाठवलं. दाखला कागदावर लिहून घेता आला असता. त्यांचा नंबर काढून ठेवला आहे. शाखा उघडली की पहिला फोन त्यांना, आणि त्यांना येणं जमत नसेल तर दुपारी फॉर्म घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे.